अर्थिंगची बादली

ज्या खोलीत मी सध्या राहतो, तिच्या दाराच्या डाव्या हाताला, छातीच्या उंचीवर, विजेची एक पांढरी पेटी बसवलेली आहे. तिच्यात एक मोठा मेन स्विच, त्याच्या शेजारी विजेची गळती पकडून प्रवाह तोडणारा स्विच आणि मग ओळीने चार लहान स्विच आहेत. प्रत्येकाखाली मी माझ्या अक्षरात चिठ्ठी लावली आहे: दिवे व पंखा, स्वयंपाकघर, पाण्याची मोटर, कूलर. घरमालकाने या पेटीवर दिनदर्शिका टांगली होती. ती मी पहिल्याच दिवशी काढून समोरच्या भिंतीवर लावली, कारण जिथे प्रसंगी अंधारातही हात सरळ पोहोचला पाहिजे, तिथे काहीही टांगू नये. दर महिन्याच्या एक तारखेला, चहा झाल्यावर, मी गळतीच्या स्विचवरचे चाचणीचे बटण दाबतो. टक् असा आवाज होतो, पंखा सावकाश थांबतो आणि खोली गप्प होते. बटण दाबूनही तो स्विच पडला नाही, तर समजावे की आपला राखणदार झोपी गेला आहे, आणि वेळ न दवडता परवाना असलेल्या वायरमनला बोलवावे. माझा राखणदार अजून जागा आहे. मी खटका पुन्हा वर करतो, पंखा फिरू लागतो. खरे सांगायचे तर, या घरात मी काही केले आणि त्याला कोणी उत्तर दिले, असे महिन्यातून एवढे एकदाच घडते.

माझा व्यवसाय अर्जनवीसाचा, म्हणजे लोकांचे अर्ज लिहून देण्याचा. बुलढाण्यात कचेरीच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली माझे टेबल आहे आणि गेली कित्येक वर्षे ते तिथून हललेले नाही. शिक्षण नववीपर्यंत, तेही अर्धवट. परंतु माझा मसुदा वाचून 'हा कोणत्या वकिलाने लिहिला?' असे विचारणारे साहेब मी पाहिले आहेत, आणि पदवी घेतलेली मुले 'काका, जरा नजर टाकता का' म्हणत माझ्या टेबलासमोर उभी राहतात. हे मी बढाई म्हणून नव्हे, नोंद म्हणून लिहितो. विजेच्या पेटीविषयी मला जे कळते ते मात्र मी कोणत्याही वर्गात शिकलो नाही. ते मी अमडापूरला, आमच्या घरात, माझ्या बाबांकडून शिकलो. त्या शिक्षणाची किंमत दुसऱ्याच कोणी दिली, आणि हे प्रकरण लिहिण्याचे कारण तेच आहे.

आमच्या घरात आम्ही दोघेच होतो, बाबा आणि मी. आई नव्हती; त्याविषयी येथे लिहीत नाही. दोन खोल्यांचे घर, मागे अंगण, अंगणाच्या टोकाला न्हाणी. बाबा गावात वायरिंगचे काम करीत आणि सगळा गाव त्यांना वायरमन म्हणे. त्यांचे खरे नाव पोस्टमनलाही आठवावे लागे. बाबा फार कमी बोलत. सकाळी स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, मग खिचडी खदखदल्याचा, मग पक्कडीने तार तोडल्याचा, एवढ्या तीन आवाजांवर आमची सकाळ चाले. स्वयंपाकात त्यांना खिचडी, बेसन आणि कांद्याची कोशिंबीर एवढेच येत असे. भाकर थापायला गेले की ती एका बाजूने जाड आणि दुसऱ्या बाजूने फाटकी होई. आम्ही दोघे ती फाटकी बाजू आधी खाऊन टाकत असू, जणू पुरावा नष्ट करीत आहोत. जेवताना कोणी काही म्हणत नसे. मला आठवते, कधी कधी केवळ आवाज व्हावा म्हणून मी पितळी ताटलीवर पेला मुद्दाम आपटून ठेवीत असे.

त्यांची जीभ सैल होई ती फक्त एका ठिकाणी, आणि ते ठिकाण म्हणजे पुढच्या खोलीतला विजेचा बोर्ड. लाकडी फळीवर मीटर, त्याखाली लोखंडी डबीतला मेन स्विच, आणि त्याच्या बाजूला चिनीमातीचे तीन फ्यूज. बाबांना लिहिण्याचा सराव नव्हता, म्हणून त्यांनी फ्यूजखाली रंगाने खुणा काढल्या होत्या: एकाखाली दिवा, दुसऱ्याखाली पंखा, आणि तिसऱ्याखाली, तो कूलरचा म्हणून, पाण्याचा थेंब. ते मला समोर उभे करीत आणि परीक्षा घेत.

"फ्यूज बांधाचा हाये. पह्यले काय करशीन?"

"मेन स्विच बंद."

"मंग?"

"पायात कोरडी चप्पल, चपलेखाली कोरडी फळी. मग टेस्टर लावून पाहायचं."

"डावा हात कुठी?"

"पाठीमागं. करंट छातीतून जाऊ नये म्हणून."

"हाव." एवढे म्हणून ते भिंतीवर टांगलेली फ्यूजच्या तारेची गुंडी काढत. केसासारखी बारीक, चकचकीत तार. "आता हे पाह्य. हे तार बारीकच पाह्यजे. तिनं जळावं म्हनून तर ठेवली. फ्यूज गेला म्हनजे त्याले शिव्या द्याच्या नाही. तो मेला म्हनून घर वाचलं. पह्यले शोधाचं, त्याले मारलं कोनं. ते सापडल्याबिगर दुसरी तार बांधाची नाही."

बाबांच्या तोंडून सलग एवढी वाक्ये मी दुसऱ्या कोणत्याही विषयावर ऐकली नाहीत. बोर्डाच्या उजव्या कडेवरून एक जाड उघडी तार खाली उतरत असे, भिंतीला धरून मागच्या अंगणात जाई आणि न्हाणीशेजारच्या एका खड्ड्यात नाहीशी होई. हे अर्थिंग. खड्ड्यात खोलवर लोखंडी नळी पुरलेली, तिच्याभोवती कोळसा आणि मीठ. यंत्राच्या पत्र्यात चुकून वीज उतरली, तर तिने माणसाच्या अंगातून न जाता या वाटेने जमिनीत जावे, आणि जाताना फ्यूज जाळून आपली वर्दी द्यावी, अशी ती व्यवस्था. "पन जमीन ओली पाह्यजे," बाबा म्हणत. "उनाळ्यात सुकली का हे तार नुसती दोरी. रोज एक बादली टाकत जाजो. भांड्याचं पानी चालते, आंघोळीचं चालते. पन रोज." मी रोज संध्याकाळी ती बादली ओतत असे. माती आधी चर्र करी, मग घोट घेतल्यासारखा आवाज येई.

त्या उन्हाळ्यात बाबा एका ठेकेदाराकडे लाइनचे खांब उभे करण्याच्या कामावर गेले, दूर, घाटाखाली. महिन्याने एकदा यायचे ठरले. माझी शाळा तेव्हा सुटण्याच्या बेतात होती; म्हणजे सुट्टी लागणार होती आणि मी नंतर परत जाणार नव्हतो, पण यातली दुसरी गोष्ट कोणालाच ठाऊक नव्हती. घरात मी एकटा. एकट्या घराला किती आवाज असतात हे मला तेव्हा कळले: मीटरची चकती फिरल्याची घरघर, पत्रा उन्हाने ताणल्याचा टणत्कार, माठावरच्या झाकणीची हालचाल. मी त्या बोर्डाशी बोलू लागलो होतो. वेळ जावा म्हणून पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून, बोरूने, प्रत्येक फ्यूजखाली नाव लिहिले, आणि मेन स्विचच्या वर एक मोठी पाटी लावली: 'सदर फ्यूजला विनापरवानगी हात लावू नये. हुकमावरून.' अक्षर असे आले होते की मी मागे सरून ते बराच वेळ पाहत राहिलो. दाखवायला कोणी नव्हते.

मग कूलर सुरू झाला आणि माणसे आली. बाबांनी जाण्यापूर्वी पत्रा, जुनी मोटर आणि वाळ्याचे गवत यांपासून तो स्वतः बनवला होता. आमच्या आळीतला तो पहिला. पहिल्याच दुपारी शेजारच्या वच्छलाकाकू दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या तेव्हा तिशीच्याही आत असतील. नवरा गेलेला, दिराच्या घरात राहत, मागे चार वाफे भाजी करीत. त्यांच्या मागून सुभद्रामावशी आल्या, गोवऱ्यांसारख्या गोल आणि गावभर तोंड चालवणाऱ्या, आणि त्यांच्याबरोबर आणखी दोघीतिघी. कोणाच्या सुपात डाळ, कोणाच्या परातीत कुरडयांचा गहू. वाळ्याचा ओला वास, पंख्याची घरघर, आणि तिच्यावर आवाज चढवून बोलणाऱ्या बायका. माझ्या घरात!

वच्छलाकाकूंची चौथी झालेली होती. त्यांनी बोर्डावरची पाटी मोठ्याने वाचली आणि विचारले, "हुकूम कोनाचा बे?"

"माझा," मी म्हणालो.

"अव माय! हा तं हुकूमवाला निंगाला!" सुभद्रामावशींनी सूप खाली ठेवले. "मंग आमाले बसाची परवानगी हाये ना, हुकूमवाले?"

त्या दिवसापासून मी त्या आळीत हुकूमवाला झालो. चेष्टा होती, पण हाक होती. दुपार झाली की मी जमीन झाडून, पाणी शिंपडून, माठ भरून वाट पाहत बसे. वच्छलाकाकू येताना पदराखाली काही ना काही आणीत: एखादी भाकर आणि ठेचा, एकदा गव्हाचा गरम चीक, वर साखर. त्या समोर बसून मी तो खातो आहे की नाही हे पाहत होत्या. असे मला कोणी पाहिले नव्हते.

बादलीची गोष्ट इथे आली. गावाला नळाचे पाणी आठवड्यातून एकदा येई आणि बाया टँकरमागे धावत. अशा दिवसांत मी संध्याकाळी भांड्यांच्या पाण्याची बादली उचलून खड्ड्यात ओतताना सुभद्रामावशींनी कुंपणावरून पाहिले.

"पाह्य व बाई! मानसाले प्याले पानी नाही, अन् हा जमिनीले पाजून राह्यला! काय बे हुकूमवाल्या, तिथी काय उगोन राह्यलं? झाडाले बल्ब लागतीन का?"

सगळ्या हसल्या. मीही हसलो, आणि बादली पाठीमागे लपवली. वच्छलाकाकू हसल्या नाहीत. त्या कुंपणाजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, "तेच पानी माह्या वाफ्यात टाकत जाय ना, बाबू. गवार वाळून राह्यली. तुह्यासाठी शेंगा ठेवीन." कोणीतरी माझ्याकडे काही मागितले होते. दुसऱ्या दिवसापासून बादली कुंपणापलीकडे जाऊ लागली. खड्ड्याला काय फरक पडणार आहे, असे मी मनाशी म्हटले. बाबांना नियमांचे वेड आहे, असेही म्हटले. आठ-दहा दिवसांत खड्ड्यावरच्या मातीला भेगा पडल्या. गवार मात्र हिरवी झाली.

त्याच सुमारास कूलरचा फ्यूज जाऊ लागला. पाण्याच्या थेंबाची खूण असलेला. दुपारी, ऐन बैठकीत, फट् करून कूलर बंद पडे. मेन स्विच बंद करून, फळीवर उभा राहून, डावा हात पाठीमागे घेऊन मी बारीक तार बांधी. बायकांना त्याचे कौतुक वाटे. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी दोनदा. "चाला व, गेली याची लाइन," असे म्हणत सुभद्रामावशी सूप उचलत, आणि एकामागून एक सगळ्या उठून जात. घर पुन्हा मीटरच्या चकतीचे होई. मारणारा कोण हे शोधावे, ही शिकवण मला पाठ होती. कूलरच्या पंपाची वायर पत्र्याच्या कडेवर घासून सोलत चालली होती, हे कूलरची बाजू उघडली असती तर मला दिसले असते. मी उघडली नाही. बाजू उघडायची म्हणजे कूलर दोन दिवस बंद, आणि कूलर बंद म्हणजे बैठक बंद. मी बाबांच्या सामानातून जाड तांब्याच्या वायरचा तुकडा घेतला, तिचे पदर न सोडवता तशीच पिळून फ्यूजमध्ये बसवली आणि फ्यूज जागेवर दाबला. मी रीत सगळी पाळली होती: मेन बंद, कोरडी फळी, डावा हात पाठीमागे. नियम पाळत पाळत मी नियमाचा जीव घेतला.

त्यानंतर फ्यूज गेला नाही. चार दिवस बैठक अखंड चालली. चौथ्या दिवशी सुभद्रामावशींनी कूलरला टेकलेला हात झटकन मागे घेतला. "माय व, मुंग्या येतात याले!" त्यांनी दुसरीला हात लावायला लावला, तीही किंचाळली आणि हसली. "थंडीनं झिणझिण्या येत असतील," मी म्हणालो. वाचकहो, आज माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो की विजेच्या वस्तूला हात लावल्यावर मुंगी चावल्यासारखे वाटले, तर ती मुंगी नसते. तत्क्षणी मेन स्विच बंद करा. त्या दिवशी मी फक्त एवढेच पाहिले की सगळ्या हसत आहेत.

पाचव्या दुपारी कूलरच्या टाकीतले पाणी संपले. मी उठत होतो, पण वच्छलाकाकू म्हणाल्या, "बस तू, खाऊन घे." त्यांनी घागर उचलली, अनवाणी पायांनी ओल्या फरशीवर गेल्या आणि डाव्या हाताने घागर कलती करून उजव्या हाताने कूलरची कड धरली. घागर पडल्याचा आवाज आला. त्यांचा आवाज आला नाही. हात कडेला चिकटलेला, मान मागे, आणि डोळे माझ्याकडे. सुभद्रामावशी त्यांना ओढायला धावल्या. "हात लावू नका!" मी ओरडलो. एवढा मोठा आवाज मी जन्मात काढला नव्हता. बोर्डापर्यंत चार पावले होती. मेन स्विच खाली ओढला, आणि वच्छलाकाकू जमिनीवर कोसळल्या. श्वास चालू होता. उजवा तळवा जळून बोटे आत वळली होती.

त्यांना जीपने चिखलीच्या दवाखान्यात नेले. बायकांनी गावात सांगितले की पोरामुळे जीव वाचला, आणि ते खोटेही नव्हते. संध्याकाळी ओट्यावर चार माणसांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी ती शाबासकी घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी, निरोप मिळून, बाबा आले. पिशवी खांद्यावरून न काढता ते बोर्डासमोर उभे राहिले. मेन बंद केला, थेंबाच्या खुणेचा फ्यूज ओढला, आतली तार पाहिली, आणि ती काढून खिशात ठेवली. मग मागे गेले. खड्ड्याच्या मातीत बोट घालून पाहिले. बोट आत जाईना. ते माझ्याकडे वळले तेव्हा मी तोंड उघडले होते, पण ते म्हणाले, "जेवला का?" आणि उत्तर न ऐकता चिखलीच्या बसला गेले.

तिसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर माणसे जमली. वच्छलाकाकूंचे दीर, नामदेवभाऊ, पुढे सरसावले. "पोट्टा होता म्हनून वाचली माही वयनी. नाही तं या वायरमनानं मारलीच व्हती. मी ठाण्यात जातो."

बाबा उभे राहिले. "वायरिंग माह्यं हाये. कूलर माह्या हातचा हाये. चूक माही."

"तसं लिहून दे मंग. अन् पुन्हा गावात कोनाच्या घरात तार वढाची नाही, हेबी लिही."

बाबांनी मान हलवली आणि मला हाक मारली. "याचं अक्षर चांगलं हाये. हा लिहीन." मला कागद दिला, कागदाखाली धरायला पाट दिला. मी लिहू लागलो. रद्दीत आलेले कचेरीतले जुने कागद वाचून तशी भाषा मला येऊ लागली होती: 'लिहून देणार याने कारणे लिहून देतो की, सदर घराचे वायरिंग माझे हातचे असून त्यात माझे चुकीने दोष राहिला...' इथे माझा हात थांबला. सगळी माणसे बघत होती. मला फक्त एक वाक्य बोलायचे होते, आणि ते पाटावरच्या कागदाइतके जवळ होते. बाबा माझ्या कानाशी वाकले. "लिही. थांबू नको," ते म्हणाले. मी लिहिले. बाबांनी वाकडीतिकडी सही केली. ओट्यावरच्या कोणीतरी कागद वाचून म्हटले, "वा! काय मसुदा हाये पोट्ट्याचा!" माझ्या आयुष्यातला तो पहिला लेख, आणि पहिली तारीफ.

बाबांना गावात पुन्हा कोणी बोलावले नाही. ते लाइनच्या कामावरच राहिले, जिल्ह्याबाहेर, पुढे पुढे आणखी दूर. महिन्याचे तीन महिने झाले, तिनाचे सहा. कूलर त्यांनी स्वतः मोडून पत्रा भंगारात दिला. आळीतल्या बायका परत आल्या नाहीत. वच्छलाकाकू दवाखान्यातून आल्या तेव्हा मी दाराच्या फटीतून पाहिले. त्यांना त्या हाताने भाकर थापता येईना. दिराच्या घरात त्यांचा आवाज हळूहळू कमी होत गेला. मी कुंपणाकडे पाठ करून वावरू लागलो. त्या अंगणात दिसल्या की मी आत जाई. एकदा त्यांनी हाक मारली, "हुकूमवाल्या!" मी पलंगाखाली काहीतरी शोधत असल्याचे सोंग केले, घरात कोणी बघायला नसताना. खड्ड्यात मात्र रोज बादली ओतली, जरी त्या घरात आता एक दिवा सोडून काही लागत नव्हते. वर्षभरात मी बुलढाण्याला एका वृद्ध अर्जनवीसाच्या हाताखाली आलो. बाबा वारले तेव्हाही त्या विषयावर आमच्यात एक शब्द झालेला नव्हता.

हे सगळे इथेच संपले असते. परंतु या उन्हाळ्यात, एका सोमवारी, सकाळच्या बसने आलेली एक म्हातारी माझ्या टेबलाशी बसली. निराधार अनुदानाचा अर्ज भरायचा होता. मी नेहमीप्रमाणे मान वर न करता विचारले, "सही करता येते का, आजी?"

"येत व्हती," ती म्हणाली.

मी शाईची डबी पुढे केली. "उजवा अंगठा द्या. बायांचा उजवा घेतात."

"उजवा उमटत नाही." तिने हात टेबलावर ठेवला. बोटे आत वळलेली होती. मी मान वर केली. "काऊन रे, वळखलं नाही का?" ती म्हणाली. "मी तं फाटकातूनच वळखलं. हुकूमवाला ना तू?"

मी उठून उभा राहिलो. मग बसलो. एवढी वर्षे जे वाक्य मनात पाठ करून ठेवले होते, ते शब्दशः बाहेर पडले: "काकू, ती तार मी घातली होती."

"ठाव हाये मले."

"कोणी सांगितलं?"

"तुह्या बापानं. दवाखान्यात आलता ना तो. पायाशी बसून राह्यला. म्हने, बाई, तार पोट्ट्यानं घातली, जमीनबी त्यानंच सुकवली. पन मी गावाले त्याचं नाव घेऊ देनार नाही, तो एकटा हाये. मी म्हनलं, नका सांगू कोनाले. पानी तं मीच मागतलं व्हतं त्याले. येईन तो, सोता सांगीन." तिने पदराने घाम पुसला. "वाट पाह्यली लेका म्या. हाकबी मारली एक डाव."

टेबलासमोर माणसे उभी राहू लागली होती. तिने अर्जाकडे बोट दाखवले. "भर ना ते आता. मले दुपारची बस हाये." मी पेन उचलले. पुढचा रकाना होता: अपंगत्व असल्यास त्याचे कारण. मी लिहिले. माझे अक्षर आजही चांगले आहे.

"काय लिह्यलं? वाच."

"'शेजारील मुलाने फ्यूजमध्ये जाड तार घातल्यामुळे व अर्थिंगला पाणी न दिल्यामुळे विजेचा धक्का बसून.'"

ती हसली, दात फारसे उरले नव्हते. "एवढं त्या रकान्यात बसते का बे? साहेब वाचतीन अन् माहा अर्ज तसाच ठेवतीन. करंट लागला, एवढं लिही." खाडाखोड केलेला अर्ज आत घेत नाहीत. मी नवा फॉर्म घेतला आणि त्यात 'विजेचा धक्का' असे दोन शब्द लिहिले. डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा नीट उमटला. पहिला फॉर्म घडी घालून मी खिशात ठेवला.

जाताना तिने विचारले, "इथी कोन हाये तुह्यापाशी?"

"कोणी नाही."

"अन् बादली टाकतं का अजून?"

"रोज. उन्हाळ्यात दोन."

"मंग कोनासाठी टाकतं?" मी शाईच्या डबीचे झाकण लावले. तिने पिशवी उचलली. "येजो एखाद्या दिवशी. वाफा हाये अजून. गवार लावेल हाये."

त्या संध्याकाळी मी घरी आलो, भांडी घासली, त्या पाण्याची बादली भरून खोलीमागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात ओतली. तापलेली माती चर्र झाली आणि मग तिने सावकाश घोट घेतला. अमडापूरची बस आमच्या कचेरीच्या फाटकासमोरूनच सुटते. तिच्या वेळा मला पाठ आहेत. मी अजून गेलेलो नाही.